कागदी नळी का फाटते?

दिवाळीत बाटलीत उभा करून उडवलेल्या बाणाची नळी पुढे कुठे गेली, याची चौकशी कोणी करत नाही. ती एका उड्डाणापुरतीच असते. हौशी रॉकेट मात्र परत यायचे असते. त्यामुळे त्याच्या धडाची, म्हणजे कागदी नळीची, काळजी करावी लागते.

मांडव्याला ओहोटीच्या वेळी, जेट्टीपासून दूरच्या पुळणीवर, गावातल्या मुलांबरोबर मी पाण्याची रॉकेटे उडवतो. सोड्याच्या बाटलीत तिसरा हिस्सा पाणी, सायकलचा पंप, वर हवाई छत्रीसाठी कागदी नळी आणि चावीच्या खेळण्यातल्या यंत्राने ठरल्या वेळी सुटणारे नाक. दारूच्या मोटरी मी वापरत नाही. त्या घरी बनवणे धोक्याचे आहे आणि बेकायदाही. पण नळी फाटण्याची तऱ्हा दोन्हीकडे एकच.

पहिल्या वर्षी आमची नळी दर दोन-तीन उड्डाणांनी फाटे, आणि नेहमी एकाच पद्धतीने: वरच्या काठापासून सरळ खाली, पँटची चेन उघडावी तशी. हौशी मंडळींत याला ‘झिपर’ असेच नाव आहे. मी सुचला तो उपाय केला. नळी जाड केली, मग आणखी जाड. रॉकेट जड झाले, कमी उंच गेले, आणि तरीही फाटले.

चूक वेळेच्या हिशेबात होती. शिखरावर रॉकेटचा वेग जवळजवळ शून्य असतो. तिथे छत्री उघडली तर कशालाच झटका नाही. पण सरळ वर जाणाऱ्या रॉकेटची छत्री शिखराच्या एक सेकंद आधी किंवा नंतर उघडली, तर वेग सेकंदाला सुमारे दहा मीटर असतो. दोन सेकंद चुकले तर वीस मीटर, म्हणजे ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. छत्री जागीच अडते, धड पुढे धावते आणि मधली दोरी नळीच्या काठावर करवतीसारखी चालते. बाजारातल्या मोटरीवर सी-६-५ असे लिहिलेले असते, त्यातला शेवटचा पाच हा जळण संपल्यापासून छत्री उघडेपर्यंतच्या सेकंदांचा असतो. नळीचे आयुष्य बव्हंशी या आकड्यावर ठरते.

दोरीबाबतही मी फसलो होतो. कोळीवाड्यातला तंगूस मजबूत म्हणून तोच बांधला. मासा सुटू नये म्हणून जे हवे, ते इथे नेमके नको. घरी वाळूची पिशवी बांधून झटके देऊन पाहिले: तंगुसाने काठ लगेच कापला, रुंद नाडीने कापला नाही. कापडदुकानदार आधी कात्रीने जरासा छेद देतो आणि मग कापड टर्रकन फाडतो, ते आठवले. कागदाचेही तसेच आहे; पहिला छेद पडू दिला नाही तर पुढचे फाटणे टळते. म्हणून आता काठावर आत-बाहेर पातळ सुपरग्लू मुरवून तो कडक करतो. दोरी जिथे काठावर टेकते तिथे तिच्यावर चिकटपट्टीची गुंडाळी करून बोंडासारखा गोळा बनवतो. आणि दोरी लांब ठेवतो, रॉकेटच्या लांबीच्या निदान तिप्पट. म्हणजे ती ताठ होईपर्यंत दोन्ही तुकड्यांचा वेग हवेनेच उतरतो.

मग नळी लोखंडाचीच का करू नये, असे मुले विचारतात. हा प्रश्न जुना आहे. म्हैसूरकरांनी दारू लोखंडी नळीत ठासली, त्यामुळे ती जास्त दाब सोसू लागली आणि बाण दूर गेले. युरोपातले बाण तेव्हा मुख्यतः पुठ्ठ्याच्या नळीचे असत. १७९१-९२च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत परशुरामभाऊ पटवर्धन आणि हरिपंत फडके इंग्रजांच्या बाजूने टिपूविरुद्ध उतरले होते. म्हणजे त्या बाणांची ओळख मराठी फौजांना समोरून झाली होती. पुढे १७९९नंतर इंग्रजांनी नमुने विलायतेला नेले आणि त्यांवरून काँग्रीव्हने आपली रॉकेटे बेतली. पण ते शस्त्र होते. फुटल्यावर लोखंडाच्या चिंध्या होतात आणि त्या समोरच्याचे डोळे घेतात.

छंदाचे रॉकेट याच भीतीतून जन्मले. १९५४मध्ये अमेरिकेत नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी ऑर्व्हिल कार्लाइल नावाच्या चपलांच्या दुकानदाराने कागदी नळीचे, छत्रीने परत येणारे रॉकेट केले. हॅरी स्टाइन तेव्हा व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्रतळावर कामाला होता. घरगुती रॉकेटांनी मुले जखमी होतात हे सांगणारा त्याचा लेख १९५७मध्ये छापून आला. तो वाचून कार्लाइलने त्याला आपले नमुने पाठवले. तिथल्या सुरक्षासंहितेत नाक, धड आणि पंख बिनधातूचेच असावेत असा नियम आहे. सर्रास वापरली जाणारी एक नळी २४.८ मिलिमीटर व्यासाची असते आणि तिची भिंत मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. ती लेचीपेची आहे ती मुद्दामच. तेव्हा नळीला बळकट करत बसण्यापेक्षा झटका कमी करणे बरे, हे मला उशिरा कळले.

मांडव्याच्या हवेचा त्रास वेगळा. पावसाळ्यात नळी दमटपणाने फुगते, नाक घट्ट बसते आणि सुटायच्या वेळी सुटत नाही. मग छत्री आतच राहते आणि रॉकेट नाकावर आपटते. नळीला आत-बाहेर चपड्याच्या पॉलिशचा हात देतो. नाक हलक्या हाताने निघेल इतकेच सैल ठेवतो, आणि ते उडवायच्या दिवशी, किनाऱ्यावर पुन्हा तपासतो. घरातल्या कपाटात बरोबर असलेले नाक खाऱ्या वाऱ्यात अर्ध्या तासात अडकलेले पाहिले आहे.

तरी एखादी फाटतेच. फाटलेला भाग टाचेपर्यंत गेला नसेल तर चिरीच्या खाली बोटभर सोडून ब्लेडने गोल कापावे, आत घट्ट बसणाऱ्या पुठ्ठ्याचा तुकडा निम्मा चिकटवावा आणि वर नवी नळी बसवावी. उडवण्यापूर्वी छत्रीसकट रॉकेट दोरीवर टांगून तोल पाहावा, कारण धड आखूड झाले असेल तर तो मागे सरकलेला असतो.