थंड श्वान आणि दोन बहिणी

जर्मन देशात एक मिष्टान्न आहे. त्याचे नाव प्रथम कानी पडले, तेव्हा आम्ही बशीकडे नेलेला हात मागे घेतला होता. ‘काल्टर हुंड’ हे ते नाव. शब्दशः अर्थ पाहिला तर ‘थंड कुत्रा’! वस्तुतः आत असते काय, तर बिस्किटे, कोको, साखर आणि खोबऱ्याचे तूप. चुलीवर भाजणे नाही, भट्टीत घालणे नाही. थरावर थर रचावयाचे आणि थंडीत गोठू द्यावयाचे, एवढीच त्याची सिद्धता.

नावाची व्युत्पत्ती शोधण्याची आमची खोड जुनी आहे. खाणीतून कोळसा वाहणाऱ्या पेटीवजा गाडीला जर्मन भाषेत ‘हुंट’ म्हणतात. हा पदार्थ ज्या लांबट डब्यात थापतात त्याचा आकार तसाच, म्हणून हे नाव पडले, असे तेथे सांगतात. याचे दुसरे नाव ‘काल्टं श्नाउत्सं’, म्हणजे कुत्र्याचे थंडगार नाकाड. वरच्या काळ्या, तुकतुकीत थरावरून ते सुचले असावे. शीतकपाट नसलेल्या दिवसांत तो तळघरात गोठवीत, म्हणून कोठे ‘तळघरातील केक’ही म्हणतात. आम्हांस मात्र कौतुक वाटले ते ‘हुंड’ या शब्दाचेच. आपला ‘श्वन्’ आणि त्यांचा ‘हुंड’ ही एकाच मूळ धातूची दोन अपत्ये आहेत. आपल्या ‘श’च्या ठिकाणी तेथे ‘ह’ येतो. ‘शत’ आणि ‘हुंडर्ट’ ही जोडी त्याच न्यायाची. ज्या याकोब ग्रिम यांनी या वर्णपरिवर्तनाचा नियम १८२२ साली मांडला, ते पुढे ग्योटिंगेन येथेच प्राध्यापक होते.

त्याच ग्योटिंगेन नगरीत १९९८ साली काही महिने राहण्याचा योग आम्हांस आला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापन करून गेलेले आणि पतंजलींच्या महाभाष्याचे संपादन करणारे फ्रान्ट्स कीलहॉर्न यांनी आपले उर्वरित आयुष्य १९०८ पर्यंत तेथेच वेचले. त्या ओढीने आम्ही गेलो होतो. उतरलो होतो एका वृद्ध बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर. बाई अडुसष्ट वर्षांच्या, शिस्तीच्या, मोजके बोलणाऱ्या. आम्ही अंडे व मद्य वर्ज्य मानतो हे पहिल्याच दिवशी त्यांना सांगावे लागले. त्यांनी मान हलविली आणि पुन्हा तो विषय कधी काढला नाही.

पुढे एकदा त्यांची धाकटी बहीण वाढदिवसासाठी यावयाची होती. आदल्या दिवशी बाईंनी आम्हांस स्वयंपाकघरात बोलाविले. ओट्यावर बिस्किटांचे पुडे होते. ‘दुकानात प्रत्येक पुड्यावरचा मजकूर वाचला. यात अंडे नाही,’ एवढेच त्या म्हणाल्या. त्या देशात चौकोनी लोण्याच्या बिस्किटांची मोठी परंपरा आहे. हानोव्हरच्या हेरमान बालसन यांनी १८९१ साली असे बिस्कीट काढले आणि त्याला नाव दिले लाइब्निट्स या तत्त्वज्ञाचे. त्याच्या कडेला बावन्न दाते असतात. तत्त्वज्ञाच्या नावाचे बिस्कीट खाणारी प्रजा आम्ही अन्यत्र पाहिली नाही.

आता कृती. बाईंनी पाव किलो घट्ट खोबऱ्याचे तूप मंद आचेवर केवळ वितळेपर्यंत ठेवले. हे तूप म्हणजे शुद्ध केलेले, वास काढून टाकलेले खोबरेलच; मानहाइमच्या श्लिंक यांच्या कारखान्याने १८९४ साली ते ‘पाल्मिन’ या नावाने बाजारात आणले. आपल्याकडे पौषात खोबरेलाची बाटली गोठते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या पदार्थाचे सारे रहस्य समजले. सुमारे पंचवीस अंशांखाली ते घट्ट होते आणि जिभेवर ठेवताच विरघळते. विरघळताना तोंडातील उष्णता शोषून घेते, म्हणून तो गारवा जाणवतो. ‘थंड’ हे विशेषण असे अन्वर्थक आहे. वैशाखात मात्र हा खटाटोप आपल्याकडे शीतकपाटाविना करू नये. ताटात काळे सार उरेल.

एकीकडे सव्वाशे ग्रॅम पिठीसाखर व साठ ग्रॅम कोको चाळून एकत्र केला. चाळण्यात आळस केला की गुठळ्या राहतात, आणि नंतर कितीही घोटले तरी त्या हटत नाहीत. या मिश्रणात प्रायः दोन कच्ची अंडी आणि थोडी रम घालतात. बाईंनी अंड्यांच्या जागी शंभर ग्रॅम काळे चॉकलेट कोमट तुपात विरघळविले, म्हणजे थर फार ठिसूळ होऊ नये. मग ते तूप कोकोत थोडे थोडे ओतीत घोटले. लांबट डब्यात कागद अंथरला. तळाशी काळा थर, त्यावर बिस्किटे, पुन्हा काळा थर, पुन्हा बिस्किटे. कडेच्या फटींत मोडकी बिस्किटे बसविण्याचे काम आमच्याकडे होते. अशी पाव किलो बिस्किटे जिरली. शेवटचा थर काळाच. मग रात्रभर शीतकपाटात.

काम करता करता बाई बोलू लागल्या. त्यांचे माहेर ब्रेस्लाउचे. ते नगर आता पोलंडात आहे. १९४५ साली आई दोघी मुलींना घेऊन निघाली आणि हायलिगेनश्टाट या गावी स्थिरावली. ग्योटिंगेनपासून ते गाव फार दूर नाही, परंतु मध्ये देशाची फाळणी झालेली. थोरली १९५१ मध्ये नोकरीसाठी इकडे आली. पुढील वर्षी सीमा बंद झाली. मग राहिली ती पार्सले: कॉफी, कोको, खोबऱ्याचे तूप. वर ‘भेटवस्तू, विक्रीचा माल नव्हे’ असे लिहावे लागे. १९७३ पासून सीमेजवळच्या इकडच्या लोकांना दिवसापुरते पलीकडे जाता येऊ लागले. पण आई त्यापूर्वीच गेली होती, आणि अंत्यविधीला जाण्याची अनुज्ञा यांना मिळाली नव्हती. हे सांगताना बाई डब्याच्या कडा पुसत होत्या. कडा केव्हाच स्वच्छ झालेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी धाकटी आली. डबा उपडा केला, कागद सोलला, गरम पाण्यात बुडविलेल्या सुरीने बोटभर जाडीच्या वड्या पडल्या. कापावर काळ्या-पिवळ्या रेघा, जणू भूस्तर. धाकटीने घास घेतला आणि म्हणाली, ‘हे आईचे आहे.’

‘नव्हे,’ थोरली म्हणाली. ‘आई दोन अंडी घालीत असे. मी फोडून देत असे.’

‘ब्रेस्लाउला घालीत असेल. मला ते आठवत नाही. तुझे पार्सल आले की आई करायची. अंडी ती विकत असे, तुला पाठवायच्या उत्तराची तिकिटे घेण्यासाठी.’

बाईंनी सुरी खाली ठेवली. आईच्या पत्रांत मिष्टान्नाबद्दल आभार असत, अंड्यांचा उल्लेख कधी नसे. शेचाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट, आणि ती त्यांना कळली आमच्यासारख्या परक्या माणसाच्या पथ्यामुळे. आम्ही उठून वर जावे की बसून राहावे, हे सुचेना. बसून राहिलो.

बराच वेळाने त्यांनी आपली वडी चाखली. ‘रम हवी होती,’ त्या म्हणाल्या, आणि दुसरी वडी घेतली.