गोवराचे भाऊबंद

वर्गात एक प्रश्न विचारून पाहा. गोवर, कांजिण्या आणि गुरांची बुळकांडी, या तिघांपैकी जवळचे नातेवाईक कोणते? बहुतेक मुले गोवर आणि कांजिण्या म्हणतील. दोन्ही लहानपणी होतात, दोन्हींत ताप येतो आणि अंगावर पुरळ उठते. तरीही हे उत्तर चूक आहे. गोवराचा जवळचा भाऊ बुळकांडी.

हे कसे ठरवतात? लक्षणे बाजूला ठेवून रोगाचा विषाणूच तपासायचा. कांजिण्यांच्या विषाणूची आनुवंशिक माहिती डीएनएमध्ये असते. गोवर आणि बुळकांडी यांच्या विषाणूंत मात्र आरएनएचा एकच धागा असतो, सुमारे १६ हजार अक्षरांचा. त्यावरची सहा जनुकेही दोघांत एकाच क्रमाने येतात. 'जर्मन गोवर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रुबेलाचा विषाणूही आरएनएवालाच, पण त्याचे कुल वेगळे. म्हणजे नावही फसवू शकते.

गोवराच्या प्रजातीचे नाव मॉर्बिलिव्हायरस. लॅटिनमध्ये मॉर्बिली म्हणजे 'छोटा रोग'. या घरात माणसाचा गोवर, गाई-म्हशींची बुळकांडी, शेळ्या-मेंढ्यांचा पीपीआर, कुत्र्यांचा डिस्टेंपर, तसेच सील, डॉल्फिन व मांजर यांच्यात सापडलेले विषाणू येतात. गालगुंडाचा विषाणू याच कुलातला, पण वेगळ्या प्रजातीचा. म्हणजे चुलत घरातला म्हणा.

या नात्याचा पुरावा प्रयोगशाळेबाहेरही मिळतो. गोवराची लस कुत्र्याच्या पिलांना डिस्टेंपरपासून संरक्षण देते. पीपीआरची स्वतंत्र लस नव्हती तेव्हा शेळ्यांना बुळकांडीची लस टोचत. एका भावाची ओळख झालेले शरीर दुसऱ्यालाही ओळखते.

मग प्रत्येक विषाणू आपापल्याच प्राण्यात राहतो का? तसे नाही. पेशीत शिरण्यासाठी हे विषाणू प्रथम रोगप्रतिकारक पेशींवरील एका प्रथिनाला चिकटतात. (म्हणूनच गोवरानंतर मूल काही काळ इतर रोगांना सहज बळी पडते.) हे प्रथिन प्राण्याप्राण्यांत थोडे वेगळे असते. गोवराच्या विषाणूला माणसाचे, फार तर माकडांचे कुलूप उघडता येते. डिस्टेंपरच्या विषाणूला मात्र अनेक कुलपे उघडतात. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत त्याने सुमारे एक तृतीयांश सिंह मारले. आसपासच्या वस्त्यांतल्या कुत्र्यांतून तो आला असावा, असे अभ्यासकांचे मत आहे. २०१८ मध्ये गीरमध्ये थोड्याच दिवसांत २०हून अधिक सिंह मेले, तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला तपासलेल्या नमुन्यांत हाच विषाणू आढळला. 'कुत्र्याचा' हे नाव तो कोठे ओळखला गेला एवढेच सांगते. तो कोठवर जाईल ते सांगत नाही.

गोवर माणसात आला कोठून? बर्लिनमध्ये १९१२ साली जतन केलेल्या एका मुलीच्या फुप्फुसातला विषाणू वाचून २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी अंदाज बांधला, की गोवर आणि बुळकांडी यांच्या वाटा इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुमारास फुटल्या असाव्यात. गुरे पाळणारा माणूस दाटीच्या शहरांत राहू लागला आणि गुरांच्या विषाणूच्या एका पूर्वजाला नवे घर मिळाले, असे मानले जाते.

आता या वंशावळीचा उपयोग पाहू. बुळकांडीचा विषाणू एकच ठसा बाळगणारा, एकदा झाल्यावर जन्मभर संरक्षण देणारा, आणि लसीकरणामुळे गुरांतून हटला की रानटी जनावरांत फार काळ न टिकणारा होता. भारतात तिचा शेवटचा उद्रेक १९९५ मध्ये झाला आणि २०११ मध्ये ती जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर असा मान मिळालेला हा दुसराच रोग. गोवराचीही कुंडली अशीच आहे: ठसा एकच, प्रतिकारशक्ती दीर्घ आणि माणसाबाहेर लपायला जागा नाही. शास्त्राच्या दृष्टीने त्यालाही हटवणे शक्य आहे. डिस्टेंपरबाबत असे म्हणता येत नाही, कारण त्याला राहायला अनेक घरे आहेत.

तरीही बुळकांडी गेली आणि गोवर राहिला. त्याचा प्रसार इतका वेगवान आहे, की दर शंभरातील सुमारे ९५ जणांना प्रतिकारशक्ती असल्याशिवाय साखळी तुटत नाही. लसीचे दोन्ही डोस न मिळालेली चार-पाच मुले एकाच वर्गात असली, तरी त्याला वाट सापडते.

तासाच्या शेवटी पहिला प्रश्न पुन्हा विचारा. मुलांना फळ्यावर भाऊबंदांची वंशावळ काढू द्या. मग आपल्या वर्गात लसीचा दुसरा डोस कोणाचा राहिला आहे, याची चौकशी घरी करायला सांगा.