नेरडीगोंड्याहून बंडांच्या वाटेवर

आदिलाबाद जिल्ह्यातील नेरडीगोंडा राष्ट्रीय महामार्ग ४४ वर आहे. येथून खासगी गाडी व जाणकार वाटाड्या घेऊन गोंड उठावांची तीन ठिकाणे पाहता येतात.

१. निर्मल : दक्षिणेला. रामजी गोंड यांनी रोहिल्यांसह इंग्रज व निजामाविरुद्ध लढा दिला. १८६० मध्ये त्यांना व सुमारे हजार साथीदारांना एकाच वडावर फाशी दिल्याचे सांगतात. तो वड आज नाही.

२. इंद्रवेल्ली : गुडीहतनूरमार्गे. २० एप्रिल १९८१ रोजी जमिनीच्या हक्कांसाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. तेथे स्मारकस्तंभ आहे.

३. जोडेघाट : केरामेरीजवळच्या डोंगरात. ‘जल, जंगल, जमीन’साठी निजामाशी लढणारे कुमराम भीम येथे १९४० मध्ये मारले गेले. पुतळा व आदिवासी संग्रहालय पाहण्यासारखे.