पॅकबंद पद्मिनी

धरमतरच्या खाडीवरचा खारा वारा लोखंडाला सुखाने जगू देत नाही. अलिबागच्या वाटेवर एखाद्या बंगल्याच्या आवारात ताडपत्रीखाली उभी केलेली जुनी फियाट दोन-तीन पावसाळ्यांत जाम होऊ शकते. रिंगा सिलिंडरला धरून बसतात, क्रँक हलत नाही. मग मालक निघतो मुंबईला, जुन्या बाजारात ‘कंपनीचा माल’ शोधायला.

माल मिळतो, कारण ही गाडी इथलीच. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात १९५४ पासून फियाट ११०० बांधली. पुढे तीच पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसी, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. मुंबईच्या टॅक्स्या याच इंजिनावर वर्षानुवर्षं पळाल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. इतक्या गाड्यांना लागणारे सुटे भाग दुकानांच्या माळ्यांवर साठणारच.

पण पॅकबंद म्हणजे ताजा नव्हे. खोका फोडल्यावर आधी धातू कुठला, रबर कुठलं ते वेगळं करावं. तेलकट कागदात गुंडाळलेला पिस्टन, गजनपिन, व्हॉल्व्ह हे चाळीस वर्षांनंतरही चालतात. बेअरिंगचे शेल काळवंडलेले असतील तर हरकत नाही, खड्डे पडले असतील तर टाकून द्यावेत. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगवर गंजाचा ठिपकाही नको, तिथूनच ती तुटते. ऑइल सील दगड झालेलं असतं, कॉर्कचं पॅकिंग आक्रसलेलं. जुन्या हेड गॅस्केटमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ते घासू नये, त्यावर हवा मारू नये. असा माल ‘ओरिजिनल’ म्हणून चढ्या भावात घेणं हा मला निव्वळ हौशी भोळेपणा वाटतो.

पिस्टनची गोष्ट वेगळी. मिस्त्री आधी बोअरिंग करून मग पिस्टन शोधायला निघाला, तर फसला. जुन्या साठ्यात कुठला ओव्हरसाइज मिळेल याचा नेम नसतो. म्हणून चारही पिस्टन हातात घ्यावेत, मायक्रोमीटरने मापावेत, तराजूवर वजन जुळवावं आणि त्यांच्या मापाने ब्लॉक कापावा. स्टँडर्डच पिस्टन मिळाले, तर स्लीव्ह मारण्याचा खर्च धरावा. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून फट फीलर गेजने बघितली की साधारण पाव मिलिमीटर भरायला हवी.

एवढा खटाटोप हौसेपुरता नाही. केंद्राच्या २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला व्हिंटेज क्रमांक मिळतो. मात्र चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेले चालत नाहीत. दुसऱ्या गाडीचं इंजिन घालून मोकळं होणाऱ्यांनी हे आधी वाचावं.

जुन्याच मालाचा हट्ट रबराच्या बाबतीत सोडावा. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं आणि जुन्या रबराला ते सोसत नाही. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि नळ्या मात्र इथेनॉलला टिकणाऱ्या, नव्याच घ्या.