दुखत नाही, तर दाखवायचं कशाला?

साताऱ्यातल्या माण-खटावपासून सांगलीतल्या जतपर्यंत कुठल्याही गावात जा. तिशी ओलांडलेल्या बायकांची यादी घेऊन आशाताई दारात आली, कर्करोगाच्या तपासणीचं नाव काढलं, की उत्तर ठरलेलं: "दुखत न्हाई, खुपत न्हाई, मग दवाखाना कशाला?"

याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला त्यात चोख हिशोब दिसतो, फक्त हाताशी असलेला पुरावा एकतर्फी आहे. आमच्याकडे "मिरजेला नेलं" म्हटलं की ऐकणारा गंभीर होतो, कारण मोठ्या दवाखान्यासाठी मिरजेला न्यायची वेळ येते ती बहुतेकदा दुखणं हाताबाहेर गेल्यावर. अशी एखादी काकू परत येत नाही आणि अख्ख्या भावकीच्या लक्षात राहतं: दाखवायला गेली, कॅन्सर निघाला, गेली. जिचा डाग वेळेत सापडून जागच्या जागी बरा झाला, ती कशाला कुणाला सांगेल? टळलेल्या आजाराची गोष्टच तयार होत नाही. गावाच्या आठवणीत उरतात ती फक्त उशिरा पोचलेली माणसं, आणि दोष जातो तपासणीच्या माथी.

त्यात गर्भाशयमुखाचा कर्करोग भलताच धीमा. तिथे विषाणूचा संसर्ग टिकून राहिला, तर कर्करोग व्हायला बहुधा दहा-वीस वर्षं लागतात, आणि सुरुवातीला काहीच दुखत नाही. तपासणी मात्र साधी. अ‍ॅसेटिक अ‍ॅसिडचं, म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचं, पातळ द्रावण कापसाने लावायचं आणि मिनिटभर थांबायचं. बिघडलेल्या पेशींची जागा पांढरी पडते. वीस वर्षांनी येऊ शकणारं संकट मिनिटभरात नुसत्या डोळ्यांना दिसतं!

तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या 30 ते 49 वयाच्या बायकांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी केलेल्या दोन टक्केही भरल्या नाहीत. तोंडाच्या तपासणीचं प्रमाण तर त्याहून कमी. तिथे लाजेचा प्रश्न फारसा नाही, पण मशेरीवरून बोलणी खावी लागतील ही धास्ती असतेच.

आता थक्क करणारी गोष्ट. 1999 मध्ये बार्शीच्या कर्करोग रुग्णालयाच्या साथीने तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात मोठा अभ्यास सुरू झाला. गावांचे 52 गट, 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायका. माणदेशासारखाच कोरडवाहू मुलूख, कामातून तशीच उसंत नाही. तरी ज्यांना बोलावलं त्यांतल्या पाचांपैकी जवळपास चौघी आल्या! बाईमाणसाने घरी येऊन समजावलं, तपासणीची सोय जवळ आणली, पुढच्या उपचारांची तजवीज केली. आणि ज्या गटांना विषाणूची चाचणी देऊ केली होती, तिथे एकाच फेरीनंतर आठ वर्षांत या रोगाचे मृत्यू तपासणी न दिलेल्या गटांच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले.

मन वळल्यावरही एक अडचण राहते: "बघू की, सुगी झाल्यावर." त्यावरचा तोडगा इतका किरकोळ, की आधी माझाही विश्वास बसला नव्हता. इंग्लंडमध्ये शीरन आणि ऑर्बेल या संशोधकांनी काही बायकांना तपासणीची वेळ कधी, कुठे, कशी घेणार एवढंच कागदावर लिहायला लावलं. लिहिणाऱ्यांपैकी 92 टक्के तपासणीला गेल्या, न लिहिणाऱ्यांपैकी 69 टक्के. आशाताईने "येणार ना?" विचारलं की मान डोलते आणि विषय संपतो. "बाजाराच्या दिवशी, सकाळच्या एसटीने, थोरल्या जावेबरोबर" एवढं दारातच ठरलं, तर निम्मी वाट तिथेच सरते.