पाठीचे पाणी आणि मेंदूतील बुरशी

२०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या दुसऱ्या लाटेमागोमाग 'काळी बुरशी' आली. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, म्हणजे आपल्या एम. वाय. मध्ये, तिच्या रोग्यांसाठी वेगळे वॉर्ड उघडावे लागले. बुरशी माणसाच्या डोक्यापर्यंत पोहोचते हे तेव्हापासून खेड्यापाड्यांतही ठाऊक झाले. ती बुरशी नाकातून डोळ्याकडे आणि तेथून मेंदूकडे सरकते; तिचे निदान नाकातील तुकडा काढून होते. आज आम्ही लिहीत आहोत ते दुसऱ्या एका बुरशीविषयी. ही हळूहळू येते, मेंदूच्या आवरणाला सूज आणते, आणि तिचा पत्ता लागतो तो पाठीच्या कण्यातील पाण्यात.

तिचे नाव क्रिप्टोकॉकस. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेत आणि झाडांच्या ढोलींतील कुजक्या लाकडात ती राहते. जबलपूर शहरातील जिवंत झाडांच्या ढोलींत ती सापडल्याचे संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केले आहे. तेव्हा धान्याच्या माळ्यावर किंवा चर्चच्या घंटाघरात कबुतरांनी बस्तान मांडले असेल तर ती घाण कोरडी झाडू नये. आधी पाणी शिंपडावे, नाकातोंडाला फडके बांधावे, मग खरडून काढावी.

श्वासावाटे ही बुरशी पुष्कळांच्या छातीत जाते आणि बहुतेकांचे शरीर तिला तेथेच दाबून टाकते. धोका असतो तो मुख्यतः अंगातील प्रतिकारशक्ती खचलेल्यांना: एच. आय. व्ही. चे रोगी, मूत्रपिंड बदललेले, आणि महिनोन्‌महिने स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारे. या शेवटच्यांची आम्हांला विशेष काळजी वाटते. सांधेदुखीवर आठवडी बाजारात मिळणाऱ्या 'रामबाण' पुडीत काय कालवलेले आहे, हे घेणाऱ्याला कोठे माहीत असते? क्वचित धडधाकट माणसालाही हा रोग होतो. मात्र रोग्यापासून घरच्यांना तो लागत नाही, त्यामुळे त्याचे ताट-तांब्या वेगळे करण्याची गरज नाही.

सुरुवात साध्या डोकेदुखीने होते. ती दोन-तीन आठवडे हटत नाही, उलट वाढते. बारीक ताप, उलट्या, एकाच्या दोन वस्तू दिसणे, आणि मग माणूस असंबद्ध बोलू लागतो किंवा गुंगीत पडून राहतो. मान ताठली नाही म्हणून मेंदूज्वर नाही असे समजू नये. या रोगात ती पुष्कळदा ताठत नाही. वागणे बदलले की घरचे 'बाहेरचे काही' शोधू लागतात. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करावी, फादरांना बोलवावे, पण गाडीही त्याच दिवशी ठरवावी.

इस्पितळात डॉक्टर म्हणतात, पाठीचे पाणी काढायचे आहे, आणि येथेच घोडे अडते. 'पाणी काढले की माणूस लुळा होतो' ही समजूत आपल्याकडे खोल रुजली आहे. खरी गोष्ट अशी: मोठ्या माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. सुई त्याच्या बरीच खाली, कमरेच्या मणक्यांमधून घालतात. तेथे केवळ सुटे मज्जातंतू पाण्यात तरंगत असतात. शरीरात हे पाणी सुमारे १५० मिलिलिटर असते आणि दिवसाला जवळजवळ ५०० मिलिलिटर नवे तयार होते. म्हणजे तपासणीसाठी काढलेले दहा मिलिलिटर अर्ध्या तासाच्या आसपास भरून निघते. नंतर काहींचे डोके उठून बसल्यावर दुखते. ते बहुधा थोड्या दिवसांत थांबते. मेंदूत गाठ असण्याची शंका असली तर आधी सी. टी. स्कॅन करतात, आणि रक्त गोठत नसेल तर सुई घालत नाहीत. तेव्हा रोगी रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेत असेल तर ते आधी सांगावे.

पाणी नळीत स्वच्छ दिसले म्हणजे सारे ठीक, असेही नव्हे. बुरशीच्या रोगात ते पुष्कळदा विहिरीच्या पाण्यासारखे नितळ दिसते. त्यातील पेशी, साखर आणि प्रथिने मोजली की रोग आहे हे कळते, पण कोणता ते कळत नाही. साखर कमी, प्रथिने जास्त, पांढऱ्या पेशी वाढलेल्या, हेच चित्र मेंदूच्या क्षयातही दिसते. आपल्या देशात क्षय अधिक, म्हणून संशय आधी त्याच्यावर जातो. क्षयाची औषधे सुरू होतात, आठवडे जातात आणि बुरशी वाढत राहते.

हा घोटाळा सोडवणाऱ्या तपासण्या त्याच पाण्यावर होतात. पहिली जुनी आणि स्वस्त: पाण्याच्या थेंबात 'इंडिया इंक' ही काळी शाई मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशीभोवतीच्या बुळबुळीत कवचात शाई शिरत नाही, म्हणून काळ्या पार्श्वभूमीवर प्रत्येक पेशीभोवती चंद्राच्या खळ्यासारखे उजळ कडे दिसते. पण बुरशी थोडी असली तर ती नजरेतून सुटते. दुसरी तपासणी त्या कवचाचा अंश शोधते, तिला क्रिप्टोकॉकल अँटिजेन म्हणतात. करोनाच्या पट्टीसारखी पट्टी असते, दहाएक मिनिटांत उत्तर मिळते, आणि शंभरातील पंचाण्णवांहून अधिक रोगी ती पकडते. तिसरी म्हणजे बुरशी वाढवून पाहणे. तिला काही दिवस, कधी दोन आठवडे लागतात. इतर जातींच्या बुरशा या पट्टीवर दिसत नाहीत, म्हणून वाढवून पाहण्याची तपासणीही सोडू नये. क्षयाची तपासणी चालू असतानाच 'डॉक्टरसाहेब, बुरशीचीही तपासणी पाठवली का?' असे नम्रपणे विचारण्यास काही हरकत नाही. एच. आय. व्ही. रोग्याच्या सी. डी. ४ पेशी १०० च्या खाली असल्या तर डोके दुखत नसतानाही त्याच्या रक्ताची ही अँटिजेन तपासणी करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

सुई घातल्यावर डॉक्टर उभी नळी जोडून पाण्याचा दाबही मोजतात. या रोगात तो फार चढतो. २५ सेंटिमीटरच्या वर गेला आणि तसाच राहिला तर दृष्टी जाऊ शकते. मग दाब उतरवण्यासाठी पाणी पुन्हा पुन्हा, कधी रोजच्या रोज काढावे लागते. नातेवाईक चिडतात, 'किती वेळा टोचणार?' म्हणतात, पण येथे पाणी काढणे हाच उपचार असतो.

औषधे आहेत. आरंभी अँफोटेरिसिन शिरेतून देतात. त्यात मूत्रपिंड आणि रक्तातील पोटॅशियम वारंवार तपासावे लागते. जोडीला फ्लुसायटोसिन, आणि पुढे फ्लुकोनाझोलच्या गोळ्या बहुधा वर्षभर. डोके दुखायचे थांबले म्हणून पेरणीच्या घाईत त्या गोळ्या सोडल्या तर रोग उलटतो, आणि पाठीचे पाणी पुन्हा काढावे लागते.