पहिला डीजे कंट्रोलर घेताय? आधी जॉग व्हील फिरवून बघा
बारामती-इंदापूर पट्ट्यात वरातीत वाजवायला लागलेली पोरं हमखास विचारतात, "दादा, कंट्रोलर कोणता घेऊ?" मी सांगतो, दिवे नंतर बघा, आधी जॉग व्हीलला, म्हणजे त्यावरच्या फिरत्या गोल चकतीला, हात लावा.

कारण आपली गाणी. हलगीचे बरेच ठेके सहा मात्रांच्या चालीचे, आणि सॉफ्टवेअर बीटग्रिड, म्हणजे ठोक्यांच्या खुणा, आखतं चाराच्या हिशोबाने. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये तर माणसांनी वाजवलेलं असतं, लय थोडी पुढेमागे होणारच. तिथे लय आपोआप जुळवणारं सिंक बटण नुसतं दाबलं की दोन हलग्या एकमेकींवर आदळतात. मग हेडफोन एका कानाला लावून, जॉगच्या कडेला बोटाने हलकासा रेटा देत लय जुळवावी लागते. ही सवय हातालाच लागते.

सुरुवातीला पायोनियरचा डीडीजे-एफएलएक्स४ मला योग्य वाटतो. दोन चॅनल, प्रत्येक डेकला ८ पॅड, रेकॉर्डबॉक्स आणि सेराटो ही दोन्ही सॉफ्टवेअर चालतात, वीज यूएसबीतूनच मिळते. माइकची जागाही आहे, म्हणजे नवरदेवाचं नाव पुकारता येतं. पण मास्टर आउटपुट फक्त आरसीए! जनरेटर लावलेल्या डीजेच्या गाडीत लांब आरसीए वायर ओढली की स्पीकरमधून घुंईऽऽ सुरू होऊ शकतं. त्यामुळे वायर आखूड ठेवा आणि पुढे डीआय बॉक्स लावून एक्सएलआर वायरने जा.

स्वतःचे रिमिक्स बनवायचे असतील तर गोष्ट वेगळी. त्यासाठी अकाई एमपीके मिनीसारखा २५ पट्ट्यांचा छोटा कीबोर्ड घ्या. ८ पॅडवर हलगीचे वेगवेगळे आघात बसवून ठेका बोटांनी वाजवता येतो.